मास्तरांबरोबर कविता ऐकताना

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, सभासदांच्या काव्यवाचनाआधी केलेलं हे बोलणं. स्मरणिकेसाठी थोडंफार नीट केलं आहे. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘प्रास्ताविक, पाच मिनिटं’ असं छापलं आहे. ते पाच मिनिटांत संपणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. आरती झाली आहे, प्रसाद वाटून झाला आहे, आणि कवी अजून कागद शोधतायत. तेव्हा तेवढ्या वेळात सांगून घेतो.

आधी एक खुलासा. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते एकट्यालाच. बिदरकडच्या आमच्या घरात लहानथोर सगळे स्वतःला आम्हीच म्हणायचे, त्यात मोठेपणा काही नाही. पुण्याच्या सूनबाई घरात आल्या तेव्हा पहिले सहा महिने त्यांना वाटायचं, मामंजींच्या बरोबर अजून कोणीतरी आहे.

आज खरंच बरोबर कोणीतरी आहे. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, खादीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेत ते आमचे मित्र. भालकीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात, आम्हीही मास्तरच म्हणतो. ते आम्हाला अण्णा म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत कन्नड शिकवलं. आमची दोस्ती कॉलेजापासूनची. दोस्तीचं कारण अभ्यास नव्हे, कविता ऐकणं हे होतं. लिहिणं नव्हे, ऐकणं. आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे. परवानगी घेतली आहे. घेतली म्हणजे, आम्ही सांगितलं आणि ते काही बोलले नाहीत.

आमचं पहिलं ऐकणं मराठीही नव्हतं आणि कन्नडही नव्हतं. ते होतं मुशायऱ्यातलं. त्या वेळी बिदरला काय, गुलबर्ग्याला काय, मुशायरा म्हणजे जत्रा असायची. चिटगुप्प्याला जन्मलेले आणि गुलबर्ग्यात वॉटरवर्क्सच्या खात्यात नोकरी केलेले सुलेमान खतीब हे दखनीतले मोठे कवी. ‘केवडे का बन’ हे त्यांचं पुस्तक. त्यांच्या कवितेत सासू-सून बोलायच्या, गल्लीतली माणसं भांडायची, आणि सगळं आपल्या इकडच्या दखनीत, लखनौच्या उर्दूत नव्हे. लोक हसून हसून लोळायचे, आणि मग मध्येच एखादी ओळ अशी यायची की मंडप गप्प. आम्हाला उर्दूची लिपी येत नव्हती, मास्तरांनाही नव्हती. पण कानाला कोण पाटी विचारतो?

मुशायऱ्यात ऐकण्याचा एक कायदा असतो. कवी पहिली ओळ म्हणतो, ऐकणारे ती उचलतात, तो पुन्हा म्हणतो. आवडली तर ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा मागायची. नवखे आधी, उस्ताद शेवटी, त्यामुळे रात्रीचे दोन वाजले तरी कोणी उठत नाही. ऐकणाऱ्यालाही काम असतं. नुसतं बसलेलं चालत नाही. मास्तरांनी तिथे अशी दाद द्यायला शिकून घेतली की पुढे त्यांच्या शाळेत वचनगायन झालं, तिथेही ते ‘वाह’ म्हणाले आणि मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघितलं.

नंतर संसार, नोकऱ्या, बदल्या. मधली तीस-पस्तीस वर्षं आम्ही काय ऐकलं ते सांगण्यासारखं नाही. माणिकनगरला दत्तजयंतीला मात्र बहुतेक वर्षी भेट व्हायची. माणिकप्रभूंची पदं मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदुस्तानीत आहेत. तिथे दरबारात बसलं की कोणतं पद कोणत्या भाषेतलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मास्तर म्हणायचे, आपल्या जिल्ह्यात हेच एक ठिकाण आहे जिथे फॉर्मवर मातृभाषा लिहावी लागत नाही.

मग आलं २०२०. पंच्याऐंशीवं अखिल भारत कन्नड साहित्य संमेलन कलबुर्गीला भरलं, ५ ते ७ फेब्रुवारी, विद्यापीठाच्या आवारात. अध्यक्ष एच. एस. वेंकटेशमूर्ती, म्हणजे स्वतः कवीच. मास्तरांचा फोन आला, “अण्णा, कविगोष्ठीला चला.” आम्ही म्हटलं, आमचं कन्नड बाजारातलं आणि कचेरीतलं. भाजी घेता येते, अर्ज करता येतो. कविता कशी कळणार? ते म्हणाले, “मी आहे ना शेजारी.”

बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली हे तुम्हाला सांगायला नको. त्या गाडीची वाट आपल्या आजोबांनी पाहिली, वडिलांनी पाहिली, आणि बसायला आम्ही मिळालो. हुमनाबाद गेलं, बोगदा आला, कमलापूर आलं. कमलापूरची तांबडी केळी घेतल्याशिवाय मास्तर पुढे जात नाहीत, हा आणखी एक कायदा.

मंडपात गर्दी किती म्हणाल, तर आम्ही उभ्या उभ्याच दोन कवी ऐकले. मग जागा मिळाली. मास्तर कानाशी लागून अर्थ सांगत होते. ही पावसाची आहे. ही धरणाची आहे, यात गाव बुडतं. ही वचनाच्या ढंगाची आहे. असं चार-पाच कवींपर्यंत चाललं. त्यानंतर एक बाई आल्या, उत्तरेच्या की दक्षिणेच्या कुठल्या जिल्ह्याच्या ते आठवत नाही. त्यांनी कविता गायली नाही, वाचली, अगदी हळू. ती संपली तेव्हा आमच्या ध्यानात आलं की मास्तर गप्प आहेत. कधीपासून गप्प आहेत विचारलं, तर म्हणाले, “दोन कविता झाल्या. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

सगळे शब्द कळले होते असं नाही. पण कुठे थांबायचं आणि कुठे मान हलवायची ते कळलं होतं. आणि खोटं कशाला बोलायचं, त्या मंडपात बसून आम्हाला एका गोष्टीची लाज वाटली. साठ वर्षं आम्ही या भाषेत राहतो, भाड्याच्या घरासारखं. घरमालकाला नमस्कार करतो, पण त्याच्या देवघरात कधी डोकावलो नाही.

परतीच्या गाडीत आम्ही मास्तरांना शब्द दिला, आता मराठी संमेलनाला तुम्हाला आम्ही नेणार. पुढच्याच महिन्यात कलबुर्गीचं नाव देशभर झालं, पण कवितेमुळे नव्हे. करोनाचा देशातला पहिला मृत्यू तिथला. मग दोन वर्षं कोण कुठे जातंय!

आता थोडं मराठी कविता ऐकण्याविषयी, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. शंभर वर्षांपूर्वी रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता गाऊन दाखवायचे. यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांच्यामुळे कविता ऐकायला तिकीट काढून लोक जातील, हे मराठीला प्रथम पटलं असावं. मग विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर ही तीन माणसं गावोगाव हिंडली. गाण्याऐवजी खणखणीत वाचन त्यांनी लोकांच्या कानी बसवलं. पण या सगळ्या वाचनाला एक अट आपोआप येऊन चिकटली, ती म्हणजे व्यासपीठावर भाषा स्वच्छ हवी. स्वच्छ म्हणजे शाळेतली. ती अट मोडली तीही ऐकण्यामुळेच. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत राहिल्या आणि घरातल्यांनी ऐकून लिहून घेतलं, म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, ते पुस्तक निघालं. लिहिणाऱ्यांनी खानदेशी बोली दुरुस्त करून पुण्याची केली असती तर आज कोणी नाव घेतलं असतं का? आपल्या शेजारच्या मराठवाड्यात इंद्रजित भालेराव परभणीकडच्या बोलीत लिहितात आणि पाठ म्हणतात. शेतकरी ऐकतात, कॉलेजातली पोरंही ऐकतात.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. त्यावर याच मंडळात एकदा आमचं भाषणही झालं होतं. आणि तरीही जे केलं ते सांगतो.

२०२२ च्या सुरुवातीला कळलं की पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला आहे. उदगीर! पुणं नाही, मुंबई नाही, रेल्वेने भालकी, मग कमलनगर, मग उदगीर. मास्तरांना फोन केला. पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, “अव्वाचं माहेर.”

इथे बसलेल्या तरुणांसाठी सांगायला हवं. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. निलंगा आणि अहमदपूरही. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते तीन तालुके मुंबई राज्यात गेले, झहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. आता उदगीर लातूर जिल्ह्यात आहे, आणि तो लातूर जिल्हासुद्धा १९८२ चा. कागदावर हे एका ओळीत संपतं. पण लग्नं तर आधीच झाली होती. कुणाची आत्या इकडे, कुणाची मावशी तिकडे. तुमच्यापैकी निम्म्या घरांत ही गोष्ट आहे, आम्ही काय सांगावी.

मास्तरांचं घर लिंगायत. वडिलांचं बोलणं कन्नड, आईचं मराठी. शाळा कन्नड. त्यामुळे मास्तर लिहितात कन्नडात, बोलतात ज्याच्याशी जसं. तर त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी ते बिदरला आले आणि पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. म्हणाले, “अण्णा, हे कुणाला दाखवलं नाही.” आम्ही उघडली. सगळं कन्नड लिपीत. आम्ही म्हटलं, मास्तर, आम्हाला वाचायला तास लागेल. ते म्हणाले, “मोठ्यानं वाचा.”

मोठ्यानं वाचू लागलो आणि थांबलो. अक्षरं कन्नड होती, पण तोंडातून बाहेर येत होतं ते मराठी. त्यांच्या आईचं मराठी, उदगीरकडचं. आई गेल्यापासून दरवर्षी पंचमीच्या सुमाराला ते काही ना काही लिहीत होते, आणि लिहायला हाताला येणारी लिपी एकच. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि हा माणूस मराठीत कविता करतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्यातली एक कविता आईच्या माहेराची. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, बंडी जुंपून. आणि एक वर्षी गावातलं कोणीतरी आईला सांगतं की आता उदगीर गेलं. तर ती माउली विचारते, गेलं म्हणजे कुठं गेलं? काल तर भाऊ तिथूनच आला. एवढीच कविता. आम्ही इथे ती म्हणून दाखवणार नाही, कारण ती म्हणायचा हक्क ज्यांचा ते समोर बसलेत.

आम्ही म्हटलं, ही संमेलनाच्या कविकट्ट्यावर वाचायची. कविकट्टा म्हणजे नव्या-जुन्या, नाव असलेल्या-नसलेल्या कवींचं व्यासपीठ. तिथे आधी कविता पाठवावी लागते. देवनागरीत लिहून देतो, म्हटलं, आमच्याकडे द्या.

इथे आमची चूक सुरू झाली.

लिहायला बसलो, आणि हातातला पेन शाळामास्तर झाला. खऱ्या मास्तरांपेक्षा जास्त. ‘अव्वा’ लिहिलं होतं, आम्ही ‘आई’ केलं. महाराष्ट्रात अव्वा कोणाला कळणार, असा विचार. ‘बंडी’ची ‘बैलगाडी’ केली, कारण पुण्याचा माणूस बंडी म्हटलं की अंगात घालायची समजेल. ‘येऊलाली’चं ‘येत आहे’ केलं. आपण घरात सगळे ‘काय करूलालास’ म्हणतो. पाव्हणे आले की ‘काय करतो आहेस’ म्हणतो. ती कविता आम्ही पाव्हण्यांसमोर नेऊन बसवली. आणखीही एक झालं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. कन्नड लिपीत ‘ए’ दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. ‘ओ’ही दोन. देवनागरीत आपल्याकडे एकेकच. मास्तरांनी आईचा हेल ऐकून कुठे आखूड, कुठे लांब, असं बरोबर टिपलं होतं. आमच्या कागदावर ते सगळं सपाट झालं.

आणि हे सुधारकाम इतकं मन लावून केलं की कविता पाठवायची मुदत निघून गेली. दोष आमचा. मास्तर काही बोलले नाहीत. म्हणाले, “ऐकायला तर जाऊ.”

संमेलन २२ ते २४ एप्रिल होतं. आम्ही शनिवारी, २३ ला गेलो. अध्यक्ष भारत सासणे. एप्रिलातलं उदगीरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्यावर बोलून ते कमी होत नाही. गाडीत मास्तर खिडकीशी बसले होते. कमलनगर गेल्यावर थोड्या वेळानं फलाटांवरच्या पाट्या बदलल्या. ते हसून म्हणाले, “अव्वाला पाटी वाचता येत नव्हती. तिला बॉर्डर कधी दिसलीच नाही.”

आधी पुस्तकांच्या मांडवात गेलो. मग कविकट्ट्यावर. तिथे यादीप्रमाणे नावं पुकारत होते, आणि एकामागून एक कवी येत होते. कोणी नोकरदार, कोणी शिक्षिका, कोणी शेतकरी. काही कविता चांगल्या होत्या, काही लांब होत्या. मास्तर पहिल्या दोन कवितांना सवयीनं ‘वाह’ म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने वळून पाहिलं. मराठी श्रोता मनातल्या मनात दाद देतो आणि शेवटी एकदम टाळी वाजवतो. कन्नड श्रोता चाल लागली की मान डोलावतो. मुशायऱ्यातला ओळ अडवून धरतो. तिन्हीकडे जाऊन बसल्याशिवाय हा फरक समजत नाही. आम्हाला विचाराल तर ओळ अडवणं सगळ्यांत चांगलं. कवीलाही कळतं की आपण एकटे नाही.

दुपारी चहाला बाहेर आलो. अशा प्रत्येक संमेलनात एक व्यासपीठ पत्रिकेत नसतं, ते चहाच्या गाड्याजवळ भरतं. लिंबाखाली दहा-पंधरा लोक गोल करून बसले होते, ज्यांची नावं यादीत लागली नव्हती असे. एकजण म्हणायचा, बाकीचे ऐकायचे. निलंग्याकडचा एक तरुण आमच्याकडे बघून म्हणाला, “काका, तुमच्याजवळ काय हाय? म्हणा की.” आम्ही मास्तरांकडे बोट केलं आणि खिशातला आमचा कागद त्यांच्या हातात दिला. सुवाच्य अक्षरात, रेघा मारून लिहिलेला.

त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. देवनागरी त्यांना येते, हिंदीमुळे. पण ते अडखळले ते लिपीपायी नव्हे. तिसऱ्या ओळीत ‘आई’ आली तिथे ते थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. मग कागद खाली घेऊन आमच्याकडे वळले आणि हळूच कन्नडात म्हणाले, “अण्णा, इदु नम्म अव्वन मातु अल्ल.” हे आमच्या अव्वाचं बोलणं नाही.

लोकांना ते कळलं नसावं. आम्हाला कळलं.

त्यांनी पिशवीतून निळी वही काढली. आणि मग जे म्हटलं ते वाचणं नव्हतंच. वही उघडी होती, पण डोळे रस्त्याकडे होते. अव्वा होती, बंडी होती, येऊलाली होतं, सगळं होतं. ‘गेलं म्हणजे कुठं गेलं’ याला ते आले तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, “पुन्ना म्हणा.” मुकर्रर! उदगीरच्या लिंबाखाली, मराठीत. त्यांनी पुन्हा म्हटलं.

टाळ्या फार नाही पडल्या. माणसंच पंधरा. पण एक म्हातारी बाई नातवाबरोबर आली होती, ती उठून मास्तरांजवळ आली. कविता चांगली झाली असं काही म्हणाली नाही. विचारलं, “तुमची माय कोण्या गावची? कोणाच्या घरची?” मास्तरांनी गाव सांगितलं, घराणं सांगितलं. मग ती दोघं कोण कोणाची मावसबहीण, कोणत्या सालच्या दुष्काळात कोण कुठे गेलं, यात जी शिरली ती अर्धा तास. आम्ही आणि तिचा नातू चहा पीत उभे. ओळख लागली का म्हणाल, तर नाही लागली. दोन घरं जवळ जवळ आली आणि मग नावं वेगळी निघाली. पण दोघांनाही त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

त्या नातवाने जाताना वही बघायला मागितली. उघडली आणि म्हणाला, “अहो, हे तर कानडी आहे!” मास्तर म्हणाले, “अक्षर कानडी. अव्वा मराठी.” पोरगा बराच वेळ ते पान बघत होता. मोबाइलवर फोटो काढू का म्हणाला. मास्तर म्हणाले, काढ.

आमचा तो सुवाच्य कागद आम्ही घडी करून खिशात ठेवला. अजून घरी आहे. फाडला नाही, कधीमधी बघतो.

परतीच्या गाडीत बोलणं झालं नाही. कमलनगर आणि भालकीच्या मधे कुठेतरी मास्तर म्हणाले, “अण्णा, देवनागरीत लिहून ठेवायलाच पाहिजे. माझ्या पोरांना कन्नड येतं, त्यांच्या पोरांना तेही येईल का नाही. पण आता मी बोलतो, तुम्ही लिहा.” भालकीला ते उतरले.

त्यानंतर चार-पाच महिने दर रविवारी आम्ही बसलो. ते म्हणायचे, आम्ही लिहायचं, दुरुस्त काही करायचं नाही. दीर्घ ‘ए’पुढे आम्ही अवग्रह घालू लागलो, म्हणजे ‘गेऽलं’. ‘च’ दोन तऱ्हेचा, त्याला काय करावं ते अजून सापडलेलं नाही. त्यात कन्नड लिपीही मदत करत नाही. एखाद्या शब्दावर पेन थांबला की मास्तर म्हणायचे, “लिहा, लिहा, पुणं लांब आहे.” एकोणतीस कविता झाल्या. बिदरला आणि मराठी कवितेला हे काही नवीन नव्हे म्हणा. दासोपंत आपल्याच मुलखातल्या नारायणपेठेचे. वसुलीच्या बाकीपायी त्यांना बिदरच्या दरबारात ओलीस ठेवलं होतं आणि दत्तानं पाडेवाराच्या रूपात येऊन पैसे भरले, अशी कथा आहे. दामाजीपंतांसाठी विठोबाही बिदरलाच आला. म्हणजे बिदरच्या खजिन्यात देवांना दोनदा पैसे भरावे लागले, असं रेकॉर्ड दुसऱ्या गावाचं नसेल! आणि मृत्युंजय या नावानं मराठीत लिहिणारे शहा मुंतोजी हे तर बहमनी घराण्यातले मानले जातात. त्या वेळी कोणी त्यांची भाषा तपासायला बसलं नसावं.

हे सगळं आज का सांगितलं? एक कारण मास्तर. दुसरं कारण अवघड आहे, पण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी या मंडळाच्या काव्यवाचनासाठी कविता निवडायचं काम आमच्याकडे होतं. एका कॉलेजातल्या मुलीने कविता दिली होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत मोबाइलवर टाइप केलेली, आणि मध्ये मध्ये कन्नड शब्द. तिचं शिक्षण कन्नड आणि इंग्रजीतलं, देवनागरी तिला धड लिहिता येत नाही. आम्ही ती परत पाठवली. खाली लिहिलं, ‘कल्पना चांगली, भाषा सुधारून पुढील वर्षी द्यावी.’ लाल शाईनं. उदगीरहून येऊनही हे केलं, हे लक्षात घ्या. मास्तरांची वही आम्ही समजून घेतली, कारण ते आमचे दोस्त आणि आमच्या वयाचे. त्या मुलीची वही म्हणजे मोबाइल, तो आम्हाला वही वाटलाच नाही.

तिने पुढल्या वर्षी कविता दिली नाही. त्याच्या पुढल्याही वर्षी नाही. गेल्या महिन्यात आम्ही आणि मास्तर तिच्या घरी जाऊन आलो. ती हुबळीला शिकते आहे. तिच्या आईने चहा दिला, म्हणाली, विचारून बघते. आम्ही फोन नंबर ठेवून आलो. अजून काही आलेलं नाही. गणपतीला सुट्टी असते, म्हणून आज दारापाशी दोन-तीनदा बघून झालं.

तेव्हा आजची व्यवस्था अशी आहे. या वर्षी कविता निवडल्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्या सगळ्या घेतल्या. चौदा जण आहेत. दोघे मुलगे मोबाइलवरून वाचणार आहेत, त्यांना हसू नका. एका आजींना पाठ आहे, कागद नाही. ओळ आवडली तर टाळीची वाट न बघता तिथेच पुन्हा मागा, मास्तर कसं ते दाखवतील. पंखा जरा कमी करा, माइकमध्ये त्याचा आवाज येतो. आणि शेवटची खुर्ची रिकामी ठेवली आहे, कोणी उशिरा आलं तर.

नवखे आधी, उस्ताद शेवटी, असा कायदा आहे; पण मास्तरांना साडेनऊची भालकीची बस आहे. म्हणून आधी त्यांना बोलावतो. मास्तर, या. वही आणली ना?